बिलाच्या जागी हप्ता

[दृश्य: नागपूर, मे महिन्यातली सकाळ. लेआउटमधल्या एका घराच्या स्लॅबवर दोरीने चढणारं सौर पॅनेल.]

साडेसात फूट लांब, पावणेचार फूट रुंद, वजन तीस किलोच्या आसपास. जिना अरुंद आहे, म्हणून पॅनेल बाहेरूनच वर न्यावं लागतं. दोघं खालून आधार देतात, दोघं वरून ओढतात. काच भिंतीला लागू नये म्हणून मधे जुनी गादी सोडली आहे. प्रत्येकी 540 वॅटची अशी सहा पॅनेलं आज या घरावर चढतील. मिळून तीन किलोवॅटहून थोडं जास्तच.

घर आहे शिवणकाम करणाऱ्या एका ताईंचं. दोन कूलर, फ्रीज, शिलाई मशीनची मोटर. उन्हाळ्यात महिन्याला तीनशे युनिट सहज जळतात.

[दृश्य: टेबलावर लाईट बिल. बोट एकेका आकड्यावरून सरकतं.]

महावितरणच्या बिलात शंभर युनिटांपर्यंतचा दर वेगळा. एकशे एकावं युनिट लागलं की पुढच्या युनिटांचा दर जवळपास दुप्पट होतो. त्यावर स्थिर आकार, वहन आकार आणि 16 टक्के वीज शुल्क. तीनशे युनिटांचं बिल तीन हजारांच्या वर जातं ते असं. दर महिन्याला एवढे पैसे देणारं घर सौर ऊर्जेसाठी गरीब नाही. त्याच्याकडे एकरकमी दोन लाख नाहीत, अडचण एवढीच आहे.

[दृश्य: ड्रिलचा आवाज. स्लॅबमध्ये भोक, त्यात केमिकल भरून बोल्ट.]

ही अडचण नवी नाही. शेजारच्या कर्नाटकात 1995 साली हरीश हांडे यांनी सेल्को ही कंपनी सुरू केली, तेव्हा दोन-चार दिव्यांचा संच घेण्याचीही ऐपत बहुतेक घरांत नव्हती. सेल्कोने ग्रामीण बँकांना गाठलं. शेतकऱ्याच्या हातात पैसा हंगामात येतो, फेरीवाल्याच्या हातात रोज संध्याकाळी. हप्ता त्याच चालीने बांधा, असा त्यांचा आग्रह होता. पुढे 2003 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने कॅनरा आणि सिंडिकेट या बँकांना व्याजात मदत दिली आणि हजारो घरांत कर्जावर दिवे लागले. बँकेचा साहेब एकदा सौर संचाला कर्ज द्यायला तयार झाला की बाकीचं काम गवंडी-वायरमन करतात, हे तेव्हाच सिद्ध झालं होतं.

तरीही छतावरच्या सौर विजेसाठी देशाचं धोरण बरीच वर्षं अनुदानाभोवतीच फिरत राहिलं. 2022 पर्यंत छतांवर 40 गिगावॅट उभं करायचं ठरलं होतं. ते झालं नाही. अनुदान मिळतं ते संच बसल्यावर. विक्रेत्याला पैसे द्यायचे असतात त्याच्या आधी. मधली रक्कम कुठून आणायची, याचं उत्तर सामान्य घराला कोणी देत नव्हतं.

[दृश्य: स्ट्रक्चर उभं राहतं. पाना फिरवणारे हात. पहिलं पॅनेल जागेवर बसतं.]

फेब्रुवारी 2024 मध्ये 'पीएम सूर्य घर: मुफ्त बिजली योजना' आली. एक कोटी घरं, 75,021 कोटी रुपये. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000, म्हणजे तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान. चर्चा झाली ती या आकड्याची. आमच्या मते या योजनेतला खरा बदल कर्जात आहे.

दोन लाखांपर्यंतचं कर्ज, तारण नाही. तीन किलोवॅटपर्यंत उत्पन्नाची किमान अट नाही, त्यामुळे घरी शिवणकाम करणाऱ्या बाईलाही पगाराची पावती मागितली जात नाही. व्याज रेपो दराच्या, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते त्याच्या, वर अर्धा टक्का. योजना आली तेव्हा ते सात टक्के होतं. 2025 च्या मध्यात रेपो साडेपाचवर आला, तेव्हा सहा. फेड दहा वर्षांपर्यंत. अर्ज केंद्र सरकारच्या जनसमर्थ या कर्ज-पोर्टलवरून करता येतो.

[दृश्य: टेबलावर फाईल. आधार, पॅन, पासबुक, लाईट बिल, कोटेशन.]

हिशोब असा. संचाला 1,90,000 रुपये धरले, तर घरातून घालायचे दहा टक्के, 19,000. कर्ज 1,71,000. सहा टक्क्यांनी दहा वर्षांचा हप्ता सुमारे 1,900. संच सुरू झाल्यावर 78,000 रुपयांचं अनुदान कर्जखात्यात वळवलं की उरतात 93,000. त्यावर नव्याने हप्ता बांधला तर तो हजाराच्या जरासा वर येतो. जुनाच हप्ता चालू ठेवला तर कर्ज पाच वर्षांच्या आत फिटतं. आमचा सल्ला दुसऱ्या वाटेचा आहे, कारण पॅनेलचं आयुष्य पंचवीस वर्षांचं धरतात.

[दृश्य: पॅनेलमागचं स्टिकर. मोबाईलवर फोटो काढणारा मुलगा.]

स्टिकरवरचा हा अनुक्रमांक महत्त्वाचा. अनुदान हवं तर पॅनेलच नव्हे, त्यातले वीज तयार करणारे सेलही भारतात बनलेले लागतात. छतावरचे फोटो योजनेच्या पोर्टलवर चढवावे लागतात. कोणी स्वस्तातलं पॅनेल देऊ करत असेल, तर आधी हे विचारा. सेल बाहेरचे निघाले तर 78,000 रुपये गेले आणि हप्त्याचं सगळं गणित कोसळलं.

[दृश्य: अंगणात खड्डा. अर्थिंगची सळई, वर पाणी ओततात.]

असे तीन खड्डे लागतात: एक पॅनेलच्या बाजूचा, एक घराच्या बाजूचा, एक वीज पडली तर तिच्यासाठी. घाईच्या कामात पहिली काटछाट इथेच होते, म्हणून घरच्यांनी समोर उभं राहून हे काम बघावं. ताई बघतायत.

[दृश्य: इन्व्हर्टर भिंतीवर. मग महावितरणचा कर्मचारी जुना मीटर काढून नेट मीटर बसवतो.]

महाराष्ट्रात नेट मीटरिंगचे नियम 2015 पासून आहेत. दिवसा घर वापरून उरलेली वीज खांबाकडे जाते, रात्री खांबाची वीज घरात येते, बिल होतं फरकाचं. उरलेली युनिटं पुढच्या महिन्यात जमा होतात. एक किलोवॅट महिन्याला शंभर ते एकशेवीस युनिट देतो, म्हणजे या छतावर घरापुरती वीज तयार होईल. दहा किलोवॅटपर्यंत वेगळ्या तांत्रिक तपासणीचीही आता गरज राहिलेली नाही.

[काही महिन्यांनी. ताईंचा बाईट, स्लॅबवर.]

बिल आता बहुतेक स्थिर आकारापुरतं उरलं आहे.

[दृश्य: मागची वस्ती. पत्र्याची घरं, एक बल्ब, एक पंखा.]

इथे मात्र वरचा हिशोब चालत नाही. साठ-सत्तर युनिट जाळणाऱ्या घराचं बिल इतकं लहान असतं, की त्यातून मोठ्या कर्जाचा हप्ता निघतच नाही. या घरांसाठी राज्याने 2025 मध्ये 'स्मार्ट' योजना आणली. शंभर युनिटांच्या आतल्या पाच लाख घरांना एक किलोवॅटचा संच, किंमत 50,000. केंद्राचे 30,000. दारिद्र्यरेषेखालच्या घराला राज्याचे 17,500, म्हणजे स्वतःचे 2,500. अनुसूचित जाती-जमातीच्या घराला भरायचे 5,000, इतरांना 10,000.

[दृश्य: बचत गटाची बैठक. रजिस्टर, नोटा मोजणारी अध्यक्ष.]

रोजंदारीच्या घरात अडीच हजारही एकदम निघत नाहीत. यासाठी बँकेची फाईल करणं परवडणारं नाही आणि तिची गरजही नाही. शाळेच्या फीला, दवाखान्याला वस्तीतले बचत गट रोज कर्ज देतात, घरोघरच्या अडचणी त्यांना तोंडपाठ असतात. आमची मागणी आहे की महावितरणने या योजनेचे अर्ज भरून घेताना वस्तीतल्या बचत गटांना सोबत घ्यावं आणि लाभार्थ्याचा हिस्सा गटामार्फत हप्त्याने भरण्याची सोय करावी. पाच हजारांचे दहा हप्ते केले, तर महिन्याला पाचशे रुपये आणि थोडं व्याज. गटाच्या रजिस्टरमध्ये त्यासाठी एक रकाना वाढवला की पुरे.