विहिरीत उडी, हाताला तुळस

श्रोतेहो, नमस्कार. आज 24 जून, गोव्यातला सांजाव, म्हणजे संत योहानाचा सण. गोव्यात या घटकेला कुणीतरी विहिरीच्या काठावर उभं राहून ‘विवा सांजाव!’ म्हणून ओरडत असेल, आणि पाठोपाठ धप्पकन आवाज.

ही उडी मला पहिल्यांदा कळली ती पुण्यात, वसतिगृहाच्या गच्चीवर. पालख्या नुकत्याच पुढे गेल्या होत्या. भुरभुर पावसात आम्ही जमलो होतो; ज्यानं त्यानं आपल्याकडच्या संताचा एक दिवस सांगायचा, एवढंच ठरलेलं. गोव्यातल्या शिवोलीची मैत्रीण डोक्यावर कोपेल घालूनच आली. कोपेल म्हणजे पानाफुलांचा मुकुट. तिचा मात्र आमच्याच फाटकावरच्या मधुमालतीचा होता!

आज बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा जन्मदिवस. येशूची आई मरिया भेटायला आली तेव्हा योहानाच्या आईच्या, अलिशिबेच्या, पोटातल्या बाळानं आनंदानं उडी मारली, असं लूकच्या शुभवर्तमानात आहे. तीच उडी गोवेकरांनी विहिरीत नेली. जूनच्या पावसानं विहिरीला पाणी चढलेलं असतं, हेही आहेच म्हणा. आणि मान कुणाचा, तर नव्या जावयाचा. लग्नानंतरच्या पहिल्या सांजावला त्याला सासुरवाडीचं बोलावणं.

“म्हणजे धोंड्याचा महिनाच की,” आमचा साताऱ्याचा मित्र म्हणाला. “फक्त आम्ही तेहतीस अनारसे देतो, विहिरीत नाही घालत.”

मग पोर्तुगालच्या पोर्तू शहरातून आलेली मुलगी बोलायला लागली. संत तोच, पण तिच्याकडे 23च्या रात्री शेकोट्यांवरून उड्या मारतात, सार्डिन मासे भाजतात आणि रस्त्यात दिसेल त्याच्या डोक्यात प्लॅस्टिकचा हातोडा हाणतात. पूर्वी त्या जागी लसणीच्या जातीचे लांब दांडे असायचे. शिवाय एकमेकांना बारीक पानांच्या तुळशीची कुंडी देतात, तीत प्रेमाच्या चार ओळींची चिठ्ठी खोवून. त्या रोपाला नाक लावायचं नाही, नाहीतर ते सुकतं म्हणे. वरून हात फिरवायचा आणि तळवा हुंगायचा.

चहा घेऊन आलेल्या मेसच्या मावशी थबकल्या. “तुळशीला नाक कोण लावतं गं? देवाची ती.” आणि कोपऱ्यातली डालड्याच्या डब्यातली तुळस त्यांनी उचलून मध्ये ठेवली. आम्ही सगळ्यांनी ओल्या पानांवरून हात फिरवला, तळवे हुंगले.

विहीर तेवढी नव्हती. मग शिवोलीकरणीनं पन्हळीखाली भरलेली बादली उचलली आणि साताऱ्याच्या पाहुण्यावर रिकामी केली. “जावई नाहीस अजून, पण घे!”