नारळाचे तीन डोळे

नमस्कार श्रोतेहो. भिंतीवरचा प्लग, स्कूटरचा दिवा, कुणीतरी आपल्याकडे बघतंय असं वाटतं ना? मला असा चेहरा पहिल्यांदा दिसला तो नारळात.

चवथीचा आदला दिवस. फोंड्याजवळचं आमचं जुनं घर, बाहेर धो धो पाऊस, वीज गेलेली. नेवऱ्यांच्या चुनाला, म्हणजे करंज्यांच्या सारणाला, नारळ कमी पडला. आजी म्हणाली, "कोठीतून एक घेऊन ये रे." मी सात वर्षांचा. चिमणी घेऊन गेलो, दार ढकललं, तर कोपऱ्यातून एक केसाळ तोंड माझ्याकडे बघतंय! वर दोन डोळे, खाली वासलेलं तोंड. ज्योत हलली तसं तेही हललं. मी किंचाळत स्वयंपाकघरात.

आजी हसली नाही. मला हाताला धरून परत कोठीत नेलं, नारळ मांडीवर घेतला, शेंडी बाजूला केली आणि माझं बोट एकेका डोळ्यावर टेकवलं. "हा कठीण. हाही कठीण. आता हा बघ." तिसरा मऊ होता, नखाने दबत होता. मला तोंड वाटलं होतं तेच! "कोंब इथूनच येतो बाळा," ती म्हणाली. मग तिथेच नारळ फोडून पाणी मला पाजलं.

दोन डोळे, एक तोंड. पुन्हा सांगतो, दोन डोळे, एक तोंड. मेंदूला एवढं पुरतं. जन्मून तासही न झालेलं बाळ अशा आकृतीमागे नजर फिरवतं. दगडाला माणूस समजलं तर बिघडत नाही, पण अंधारात दबा धरलेलं तोंड दिसलंच नाही तर जिवावर बेततं. १९७६ साली व्हायकिंग यानाने मंगळाचा फोटो पाठवला, त्यातही लोकांना चेहरा दिसला. पुढे स्पष्ट फोटो आले. ती टेकडी निघाली.

आणि पोर्तुगीजांनी नारळाला 'कोको' म्हटलं ते या तीन भोकांमुळेच. गोव्यात राहिलेले वैद्य गार्सिया द ओर्ता यांनी १५६३ साली इथेच छापलेल्या ग्रंथात तसं लिहून ठेवलंय: माकडाच्या तोंडासारखं दिसतं म्हणून!

हल्ली खवलेलं खोबरं पुडीत मिळतं. मला ते मुळीच पटत नाही. नारळ घरी सोलावा, घरीच फोडावा. आज सोलाल तेव्हा पोरांना जवळ बोलवा आणि तिन्ही डोळे बोटाने चाचपू द्या. मऊ कुठला, ते त्यांनाच शोधू दे.