मास्टर क्लासमध्ये शिकतो कोण?

श्रोतेहो, नमस्कार.

सुट्टी जवळ आली की पियानो शिकणाऱ्या मुलांच्या घरी कार्यशाळांची चर्चा सुरू होते. मैफलीसाठी मुंबईत किंवा पणजीत आलेला एखादा पाहुणा पियानोवादक, मैफलीच्या आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी, निवडक विद्यार्थ्यांना सर्वांसमक्ष शिकवतो; त्यालाच आपण मास्टर क्लास म्हणतो. अशा वेळी आईवडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, की आमच्या मुलाला वाजवायला मिळेल का? प्रश्न रास्त आहे. परंतु तिथे वाजवणाऱ्यापेक्षा बसून ऐकणारा अधिक शिकतो, असे माझे स्पष्ट मत आहे. पुन्हा सांगतो, बसून ऐकणारा अधिक शिकतो. हे मत माझे एकट्याचे नाही, कारण ही पद्धत ज्याने रूढ केली, त्याची शिकवणीच या समजुतीवर उभी होती.

तो म्हणजे हंगेरीत जन्मलेला, युरोपभर गाजलेला पियानोवादक फ्रान्झ लिस्ट. त्याचा जन्म 1811 चा आणि मृत्यू 1886 चा. आयुष्याच्या अखेरच्या सतरा-अठरा वर्षांत तो वर्षाचा काही काळ रोममध्ये, काही बुडापेस्टमध्ये आणि काही जर्मनीतल्या वायमार गावी काढत असे. वायमारला ग्रँड ड्यूकने राजोद्यानाच्या माळ्याचे घर त्याला राहायला दिले होते. त्या घराच्या दिवाणखान्यात, आठवड्यातून तीन दुपारी, देशोदेशींचे तरुण पियानोवादक जमत. लिस्ट शिकवण्याचे पैसे घेत नसे. कोणाला काय वाजवायचे आहे त्याच्या छापील प्रती विद्यार्थी आल्याबरोबर पियानोवर ठेवत. लिस्ट तो ढीग चाळून एक प्रत उचले, ही कोणाची असे विचारी, आणि ज्याची असेल त्याला सर्वांसमोर वाजवायला बसवी. बाकीचे ऐकत. आपल्याकडे गुरूच्या बैठकीत एका शिष्याला तालीम चालू असताना बाकीचे मागे तंबोरा धरून बसतात, तसाच काहीसा प्रकार. फरक इतकाच, की युरोपात पियानोची शिकवणी बहुधा एकेकट्याला मिळे आणि लिस्टने ती चारचौघांत आणली.

आता या दुपारच्या शिकवणीतला एक प्रसंग सांगतो. लिस्टच्या शिष्यांच्या आठवणींतून तो पुढे आला आहे, आणि विषय कोणताही असो, मला तो सांगितल्यावाचून राहवत नाही.

एक विद्यार्थी पोलंडचा संगीतकार शोपँ याचे, ए फ्लॅट मेजर या स्वरभूमीतले पोलोनेज वाजवत होता. शोपँने ही रचना 1842 मध्ये केली. पोलोनेज हा मुळात पोलंडचा, मिरवणुकीच्या चालीचा नाच. शोपँने 1830 मध्ये वॉर्सा सोडले, त्यानंतर काही आठवड्यांतच तिथे रशियाविरुद्ध उठाव झाला, तो पुढच्या वर्षी चिरडला गेला आणि शोपँ मायदेशी कधीच परतला नाही. हे ठाऊक असले, म्हणजे या नाचात लढाईचा आवाज कुठून येतो ते समजते. या रचनेच्या मध्यावर स्वरभूमी बदलते आणि डावा हात उतरत्या चार स्वरांचा एक लहानसा तुकडा वाजवू लागतो. चारच स्वर, पण प्रत्येक स्वर ऑक्टेव्हमध्ये, म्हणजे तोच स्वर लगतच्या दोन सप्तकांत, अंगठ्याने आणि करंगळीने एकाच वेळी, आणि तेच चार स्वर पुन्हा पुन्हा, थांबा न घेता. पियानो वाजवणाऱ्या कोणालाही विचारा, तिथे मनगट भरून येते. साहजिकच ज्याला ही जागा साधते त्याला ती दाखवण्याचा मोह होतो. या विद्यार्थ्यालाही तो झाला. त्याचे ऑक्टेव्ह वेगाने धावू लागले.

लिस्टने त्याला थांबवले. तू ऑक्टेव्ह किती जलद वाजवतोस याच्याशी मला काय करायचे आहे, अशा अर्थाचे काहीसे तो बोलला. मला ऐकायचे आहे ते पोलंडचे घोडदळ. शत्रूवर तुटून पडण्याआधी, बळ एकवटण्याआधी, दुडक्या चालीने येणारे त्याचे घोडे.

श्रोतेहो, हे बोलणारा मनुष्य तरुणपणी त्याच ऑक्टेव्हच्या जोरावर युरोपातल्या सभागृहांना वेड लावून गेला होता. वेगाचे त्याला वावडे असण्याचे कारण नव्हते. शिवाय शोपँ त्याचा पॅरिसमधला मित्र. ही रचना प्रसिद्ध झाली त्या काळात दोघेही पियानोच्या जगात अग्रभागी होते. म्हणून त्याच्या शब्दांतला नेमकेपणा पाहावा. तो नुसते घोडे म्हणत नाही. तुटून पडण्याआधीचे घोडे म्हणतो. शोपँने हा भाग दबक्या आवाजात सुरू करायला सांगून मग तो वाढवत नेला आहे. दूरवरून येणारे घोडदळ आधीच भरधाव सुटले, तर जवळ येताना वाढायला उरते काय? लिस्टने बोटे कशी ठेवावीत, मनगट किती उचलावे, यातले काहीही सांगितले नाही, आणि तरी त्या एका चित्रातून वेग, आवाज आणि चढाव या तिन्ही गोष्टी विद्यार्थ्याला कळण्याजोग्या होत्या. आणि पियानोसमोर एकच जण बसलेला असताना ते खोलीतल्या प्रत्येकाला मिळाले. वाजवणाऱ्याच्या मनावर दडपण असते, त्याचे अर्धे लक्ष बोटांत अडकलेले असते. ऐकणारा मात्र मोकळा असतो.

मग बोटांचे काय? त्यासाठी लिस्टचा दंडक कडक होता. मळके कपडे घरी धुवावेत, असे तो म्हणे. चुकणारे स्वर, अडखळणारी बोटे, कच्चे पाठांतर हे सारे घरी निस्तरून यावे. मास्टर क्लासला जाणाऱ्या आजच्या मुलांनी एवढे एक वाक्य लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले. नुकतीच हाती घेतलेली अवघड रचना तिथे नेऊ नये. पूर्ण बसलेली, थोडी सोपी असली तरी चालेल, अशी न्यावी. आपल्याकडची मुले लंडनच्या मंडळांच्या ग्रेड परीक्षांसाठी वर्षभर मोजक्याच रचना घोटतात आणि प्रमाणपत्र मिळताच त्या विसरतात, हे मला फारसे रुचत नाही. पण त्या घोटलेल्या रचनांचा कार्यशाळेत तरी उपयोग करून घ्यावा.

एक गोष्ट वाद्याविषयी. बहुतेक घरी उभा पियानो असतो आणि सभागृहात ग्रँड, म्हणजे आडव्या तारांचा मोठा पियानो. उभ्या पियानोत हातोडी आडवी जाऊन तारेवर आदळते. ग्रँडमध्ये ती खालून वर जाते आणि स्वतःच्या वजनाने परत येते. शिवाय ग्रँडमध्ये पट्टी पूर्ण वर येण्याआधीच तोच स्वर पुन्हा वाजवता येतो. ही युक्ती पॅरिसच्या एरार्ड यांनी 1821 मध्ये काढली आणि कोवळ्या वयात पॅरिसला आलेला लिस्ट त्यांचेच पियानो वाजवत असे. सांगायचा मुद्दा हा, की पहिल्यांदाच ग्रँडसमोर बसलेल्या मुलाचा हात सुरुवातीला बिचकतो. शक्य असेल तर संयोजकांना विनंती करून आधी थोडा वेळ त्या वाद्यावर हात फिरवून घ्यावा. तालाच्या कळा असलेला इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड या कामी उपयोगी पडत नाही. शाळांच्या स्नेहसंमेलनांनी त्याला पियानोच्या जागी का बसवले आहे, हे मला आजवर उमगलेले नाही.

वायमारमधले ते माळ्याचे घर आज संग्रहालय आहे, आणि गावातल्या संगीत विद्यापीठाला लिस्टचेच नाव आहे.

शेवटी, जाताना काय न्यावे? वाजवणाऱ्याने रचनेच्या दोन प्रती न्याव्यात, एक स्वतःसाठी आणि एक शिकवणाऱ्यासाठी. ऐकणाऱ्यानेही, जे वाजवले जाणार आहे त्याची प्रत आणि पेन्सिल जवळ ठेवावी. दुसऱ्याला दिलेली सूचना आपल्या प्रतीवर त्याच मात्रेजवळ टिपून घ्यावी. आणि पालकांनी, परवानगी असली तरी, मोबाइलवर चित्रण करण्याआधी निदान पहिल्या विद्यार्थ्याची शिकवणी नुसती ऐकावी.

नमस्कार.