पहिल्यांदा कधी जाणवलं?

नमस्कार. मनोविकार विभागात समाजसेवक म्हणून काम करताना एक प्रश्न मी वर्षानुवर्षं विचारत आलो. नवा पेशंट आला की घरच्यांना शेजारच्या खोलीत बसवायचं आणि विचारायचं, ‘पहिल्यांदा कधी जाणवलं?’ केस पेपरवर या उत्तरासाठी एक ओळ असते. उत्तर त्या ओळीत कधीच मावलं नाही. आई सांगायची, दोन वर्षं झाली असतील, परीक्षेच्या आधी रात्र रात्र जागा असायचा. तेवढ्यात धाकटी बहीण म्हणायची, नाही, त्याच्याही आधी, मित्रांचे फोन घेणं त्यानं बंद केलं होतं तेव्हा. मग वडिलांना आठवायचं की वर्गशिक्षकांनी एकदा बोलावून घेतलं होतं, मुलगा हल्ली फार गप्प असतो म्हणून.

ही सगळी माणसं त्या मुलापासून हाकेच्या अंतरावर होती. सगळ्यांनी पाहिलं होतं. पाहिल्यावर जायचं कुठे, हे एकालाही माहीत नव्हतं. ज्या अंतरात ही माणसं राहतात, त्या अंतरात काम करणारी सरकारची पायरी म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्था. शाळा, दवाखाना, वाचनालय, मैदान हे बहुतेक ठिकाणी तिच्याच हाताखाली येतं. म्हणून आज मी औषधांबद्दल बोलणार नाही. तिच्या अंदाजपत्रकाबद्दल बोलणार आहे.

आधी पैसा कुठे जातो ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० सालची आकडेवारी गोळा केली, तेव्हा सरकारं आपल्या आरोग्यावरच्या खर्चातला साधारण २ टक्के पैसा मानसिक आरोग्याला देतात असं दिसलं. मध्यम उत्पन्नाच्या देशांत त्यातलाही ७० टक्क्यांहून जास्त वाटा मनोरुग्णालयांकडे जातो. म्हणजे आजार पुरता बळावल्यावर जिथे माणूस पोचतो, तिथेच बहुतेक पैसा बसून आहे. आता हे वयाशी ताडून पाहा. जगभरातले १९२ अभ्यास आणि त्यांतली सात लाखांहून जास्त माणसं एकत्र धरून मानसिक आजार कोणत्या वयात सुरू होतात हे तपासलं गेलं. आजार झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांचा आजार अठराव्या वर्षाच्या आत सुरू झालेला होता आणि ६२ टक्क्यांहून जास्त लोकांचा पंचविसाव्या वर्षाच्या आत. मुलं शाळा-कॉलेजात असतात आणि पैसा रुग्णालयाच्या आवारात असतो.

नॉर्वेमधल्या रोगालांड परगण्याची गोष्ट मला थोडी सविस्तर सांगायची आहे, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यात आलं आहे. तीव्र मनोविकारात, म्हणजे भास आणि संशय सुरू झालेल्या अवस्थेत, माणूस उपचाराविना किती आठवडे राहतो याला फार महत्त्व असतं. तो काळ लांबला की पुढची वाट बिकट होते. रोगालांडमध्ये १९९७ पासून चार वर्षं हा काळ कमी करण्याचा ठरवून प्रयत्न झाला. दोन गोष्टी केल्या. एक, असं पथक उभं केलं की ज्याला कुणीही थेट फोन करावा. आईनं करावा, शिक्षकानं करावा, डॉक्टरच्या चिठ्ठीची गरज नाही. दुसरी गोष्ट जाहिरात. वर्तमानपत्रं, रेडिओ, चित्रपटगृहं, शाळांमधल्या भेटी, सगळीकडे साध्या भाषेत सांगायचं की ही लक्षणं दिसली तर या नंबरवर फोन करा. सगळे रुग्ण ओळीनं लावून मधला धरला तर तिथे उपचाराविना गेलेला काळ ५ आठवड्यांवर आला. तुलनेसाठी घेतलेल्या, असं काही न केलेल्या भागांत तो १६ आठवडे होता. दहा वर्षांनी या रुग्णांना पुन्हा शोधून काढलं, तेव्हा लवकर ओळख होणाऱ्या भागातले ३०.७ टक्के बरे होऊन आपलं आयुष्य चालवत होते. दुसरीकडे हेच प्रमाण १५.१ टक्के होतं. दहा वर्षांनी दुप्पट!

आता पुढचा भाग. मोहिमेची मुदत संपल्यावर जाहिराती थांबल्या. पथक होतं तसंच राहिलं. फोन तोच, माणसं तीच, चिठ्ठीची गरज तेव्हाही नव्हती. फक्त लोकांना सांगणं थांबलं. आणि उपचाराविना जाणारा काळ ५ आठवड्यांवरून १५ वर गेला, बाकीच्या भागांत होता जवळपास तिथेच. येणारे रुग्णही आधीपेक्षा जास्त खालावलेल्या अवस्थेत येऊ लागले. अंदाजपत्रकात कात्री लावायची वेळ आली की पहिली नजर ‘प्रसिद्धी’ या लेखाशीर्षावर जाते. पोस्टरं काय, पुढच्या वर्षी छापू. रोगालांडमध्ये त्या पोस्टरांची किंमत दहा आठवडे होती, आणि ती रुग्णांनी मोजली.

हा पैसा इतक्या सहज का कापला जातो? मी अर्थसंकल्पाच्या बैठकांना बसलो आहे, आणि तिथली माणसं वाईट नसतात. अडचण अशी की रस्ता झाला तर दिसतो, त्याची कोनशिला बसते. एक मुलगी सोळाव्या वर्षी वेळेवर बोलली आणि पुढे काहीच घडलं नाही, या ‘काहीच घडलं नाही’चं उद्घाटन करता येत नाही. दुसरी अडचण याहून खोल आहे. खर्च एकाच्या खिशातून होतो आणि बचत दुसऱ्याच्या खिशात पडते. नगरपालिकेनं समुपदेशक नेमला तर वाचतात रुग्णालयाच्या खाटा, पोलिसांचे तास, कारखान्याचे कामाचे दिवस, आणि पुष्कळदा दहा वर्षांनी. नैराश्य आणि चिंताविकार यांमुळे जगात दरवर्षी सुमारे १२०० कोटी कामाचे दिवस बुडतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पण यातला एकही दिवस नगरपालिकेच्या जमाखर्चात दिसत नाही. त्यामुळे तिच्या हिशेबात हे काम कायम तोट्याचंच ठरतं. म्हणून वरच्या सरकारनं आपल्या बचतीतला वाटा खाली पाठवला पाहिजे. ती मदत म्हणून नको, हक्काचा वाटा म्हणून हवी.

पैसा बांधून ठेवण्याचे प्रयोग झालेले आहेत. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १९६३ चा एक कायदा आहे. गावानं किंवा काउंटीनं, म्हणजे तिथल्या जिल्ह्यानं, मतदान घेऊन ठरवलं, तर मालमत्तेच्या करपात्र मूल्यावर ०.१५ टक्क्यांपर्यंत वेगळा कर बसवता येतो आणि तो फक्त मानसिक आरोग्यासाठी, वेगळ्या मंडळाच्या हातून खर्च होतो. मूळ विधेयकाच्या क्रमांकावरून लोक त्यांना ‘७०८ बोर्ड’ म्हणतात. मला यातलं मतदान आवडतं. ज्यानं कर मान्य केला, तो पुढे विचारायलाही येतो की काय केलंत.

कॅलिफोर्नियानं याहून मोठी उडी घेतली. २००४ मध्ये तिथल्या मतदारांनी वर्षाला दहा लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर १ टक्का जादा कर मान्य केला. पैसा काउंट्यांकडे जायचा, आणि त्यातला साधारण पाचवा हिस्सा आजाराचा प्रतिबंध आणि लवकर मदत यांसाठीच वापरायचा असं बंधन होतं. त्यातलाही निम्म्याहून जास्त पंचवीस वर्षांच्या आतल्यांसाठी. कागदावर याहून चांगली व्यवस्था मला सुचली नसती. तरी दोन दुखणी निघाली. श्रीमंतांचं उत्पन्न शेअर बाजाराबरोबर हलतं, त्यामुळे एका वर्षी भरपूर पैसा तर दुसऱ्या वर्षी हात आखडता. आणि दरम्यान रस्त्यावर झोपणाऱ्या आजारी माणसांचा प्रश्न डोळ्यांसमोर वाढत गेला. मार्च २०२४ मध्ये अगदी काठावरच्या बहुमतानं वाटणी बदलली. काउंट्यांच्या पैशातला ३० टक्के निवाऱ्यासाठी राखला गेला, आणि सगळ्या समाजासाठीचं प्रतिबंधाचं काम काउंट्यांकडून राज्याकडे गेलं. लवकर मदतीचा हिस्सा काउंट्यांकडे राहिला. बेघर माणसाला छप्पर हवंच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. दुःख याचं आहे की आज दिसणाऱ्या माणसासाठीचा पैसा उद्या आजारी पडू शकणाऱ्या माणसाच्या वाट्यातून काढला. टक्केवारी कायद्यात लिहिली म्हणजे ती कायमची राखली जाते असं मी पूर्वी मानत असे. आता मानत नाही. तिच्यामागे दर वर्षी उभं राहणारं कुणीतरी लागतं.

आता कुणी म्हणेल, एवढे मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून? झिम्बाब्वेत हा प्रश्न फार टोकाला गेला होता. हरारेतले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांची एक तरुण पेशंट आत्महत्या करून गेली. रुग्णालयापर्यंत येण्यासाठी लागणारे १५ डॉलर बसभाडं घरच्यांकडे नव्हतं. २००६ मध्ये चिबांडांनी म्बारे या वस्तीत काम सुरू केलं. त्यांना ना तज्ज्ञ मिळाले, ना दवाखान्यात खोली मिळाली. मिळाल्या १४ आज्या, शहराच्या आरोग्य विभागासाठी वस्तीत काम करणाऱ्या, आणि दवाखान्याच्या आवारात एक बाक. सुरुवातीला त्याला मानसिक आरोग्याचा बाक म्हणत, तेव्हा तिथे कुणी बसेना. आज्यांनीच सांगितलं, नाव बदला. तो मैत्रीचा बाक झाला. नैराश्य हा शब्दही त्यांनी बाजूला ठेवला. शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात, म्हणजे फार विचार करणं. ‘विचार करून करून डोकं शिणलंय’ असं आपल्याकडे म्हणतात, तेच. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २४ दवाखाने आणि ५७३ माणसं होती. सहा महिन्यांनी बाकावर बसून गेलेल्यांपैकी १३.७ टक्के लोकांत नैराश्याची लक्षणं उरली होती. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ती जवळपास ५० टक्के होती.

या गोष्टीतल्या बाकाचं कौतुक सगळे करतात. मला त्यातलं शहराचं आरोग्य खातं महत्त्वाचं वाटतं. आज्या आधीपासूनच शहराच्या होत्या, वस्तीत ओळखीच्या होत्या, आणि दवाखाना शहराचा होता. ही जागा तयार नसती तर बाक कुठे ठेवणार होते? विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी असंच काम केलं, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं.

प्रतिबंधाच्या नावानं केलेला प्रत्येक खर्च सार्थकी लागतो असं मात्र नाही, आणि हे आपणच आधी बोललं पाहिजे. ब्रिटनमध्ये ८० हून जास्त शाळांत, आठ हजारांवर मुलांबरोबर सजगतेचे, म्हणजे माइंडफुलनेसचे, धडे तपासून पाहिले. २०२२ मध्ये निकाल आला, नेहमीच्या शिकवण्यापेक्षा जास्त फायदा नाही. याउलट युरोपातल्या दहा देशांत, १६८ शाळांत, अकरा हजारांवर मुलांबरोबर काही वेगळे कार्यक्रम ताडून पाहिले. त्यांतल्या एकात मुलं प्रसंग उभे करतात, आपसात बोलतात, अडचणीत कुणाकडे जायचं ते शोधतात. वर्षभरानंतर या मुलांमध्ये आत्महत्येचे प्रयत्न, कार्यक्रम न मिळालेल्या मुलांच्या तुलनेत, जवळपास निम्मे होते. दोन्ही कार्यक्रम शाळेतलेच. म्हणून पैसा मागताना ‘जनजागृती’ एवढंच लिहू नका. कुठला कार्यक्रम, कुठे तपासलेला, किती वर्षांसाठी, हे लिहा.

तर अंदाजपत्रकात काय मागायचं? इमारत मागू नका. माणसाचा पगार मागा, आणि कंत्राट अकरा महिन्यांचं नको, निदान पाच वर्षांचं मागा, कारण ज्याच्याशी मन मोकळं करायचं तो माणूस दर वर्षी बदलून चालत नाही. त्या माणसावर देखरेख करणाऱ्या तज्ज्ञाचे तास मागा. हा खर्च नेहमी विसरला जातो आणि मग कार्यकर्तेच खचतात. रुग्णाच्या प्रवासाचे पैसे मागा. प्रसिद्धीचं लेखाशीर्ष वेगळं ठेवा, त्यावर पुनर्विनियोजन होणार नाही, म्हणजे तो पैसा दुसरीकडे वळवता येणार नाही, अशी नोंद घालून. आणि किती शिबिरं झाली, किती पत्रकं वाटली, हे मोजत बसू नका. केस पेपरवरच्या त्या एका ओळीच्या शेजारी दुसरी ओळ छापा, ‘पहिली मदत कधी मिळाली?’ दोन तारखांमधले आठवडे मोजा, आणि तो आकडा दर तीन महिन्यांनी सर्वसाधारण सभेत मोठ्यानं वाचून दाखवा.