झेला, बोंडू आणि 'यात नवीन काय?'

मंडळी, मागच्यांना ऐकू येतंय ना? बरं. पत्रिकेवर विषय छापलाय 'कोकणातील संशोधनाचे व्यावसायिकीकरण : विद्यापीठ व शासनाची भूमिका'. एवढा भारदस्त विषय मी दिलेला नाही हां. मी फोनवर म्हटलं होतं झेल्यावर बोलतो. कमिटीला वाटलं झेल्यावर ऐकायला कोण येणार, म्हणून हे बारसं झालं. पण मी झेल्यापासूनच सुरू करणार, अध्यक्षांनी माफ करावं.

आता इथे झेला कोणाला समजावून सांगायची गरज नाही, पण पुढे दोन पाहुणे मुंबईचे दिसतायत, त्यांच्यासाठी. लांब काठी, टोकाला जाळी, आंबा जाळीत घ्यायचा आणि हिसका द्यायचा. जुन्या झेल्याने काय व्हायचं, देठ मुळाशी तुटायचा आणि चीक आंब्यावर ओघळायचा. तो चीक साल जाळतो, काळे डाग पडतात, आणि पुढे अढीत आंबा देठाकडूनच कुजायला लागतो. आमचे आजोबा याला 'नशीब' म्हणायचे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने याला नशीब म्हटलं नाही. त्यांनी काठीच्या तोंडाशी पातं बसवलं, म्हणजे थोडा देठ ठेवूनच आंबा कापला जातो आणि चीक सालीवर येत नाही. नूतन झेला. झालं, एवढंच. एक काठी, एक जाळी, एक पातं. यात सेन्सर नाही, ॲप नाही, एआय तर नाहीच नाही, आणि माझं मत असं आहे की कोकणात संशोधन बाजारात गेल्याचं याच्याएवढं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. कारण त्याचं प्रात्यक्षिक बागेत झालं, बागायतदाराने दोन पेट्यांतला फरक डोळ्यांनी बघितला, आणि तशी वस्तू गावातला फॅब्रिकेशनवाला बनवू शकत होता. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, मी परत येणार आहे त्याच्याकडे, वेळ उरला तर.

पण उलटंही सांगतो. याच विद्यापीठाने, १९७२ चं विद्यापीठ आपलं, १९८१ मध्ये 'रत्ना' दिला. नीलम आणि हापूसचा संकर, दरवर्षी धरतो, आत साका, म्हणजे गरात होणारा स्पंजासारखा खराब भाग, होत नाही. साक्याने किती पेट्या परत आल्यात ते इथल्या निम्म्या लोकांना विचारा. मग १९९२ ला 'सिंधू' आला, त्याची कोय इतकी पातळ की नसल्यात जमा. शास्त्र म्हणून कमाल गोष्ट आहे. आणि आमच्या काकीने पहिल्यांदा खाल्ला तेव्हा काय म्हणाली असेल? "आंब्यात बाठोच नाय तर तो खावचो कित्याक?" (हशा) हसू नका, त्या एका वाक्यात अख्खा मार्केट सर्व्हे आहे. गिऱ्हाईकाला साका नको आहे हे खरं, पण पेटीवर त्याला 'हापूस' हीच अक्षरं पाहिजेत. आता त्या अक्षरांचं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळवायला २००८ चा अर्ज आणि २०१८ चा टॅग, मध्ये दहा वर्षं देवगड मोठं की रत्नागिरी. तो विषय आज नको, जेवायला एकत्र बसायचंय.

बरं, आता माझी स्वतःची गोष्ट. थोडी लांब आहे.

मी बोंडूचं सरबत करतो. काजूचा बोंडू. बीपेक्षा कितीतरी पट वजनाचं फळ झाडावर येतं, आपण बी पिळून काढून घेतो आणि फळ टाकतो, बागेत वास सुटतो, माशा बसतात. पलीकडे गोव्यात त्याच फळाची फेणी होते, फेणीला २००९ लाच जीआय मिळालं, आणि बांद्याच्या अलीकडे तेच फळ कुजतं. म्हणजे एक हद्द ओलांडली की कचऱ्याचा वारसा होतो. बोंडूचा प्रॉब्लेम तुरटपणाचा, घसा धरतो. तो काढायच्या रीती संशोधकांनी कधीच्या लिहून ठेवल्यात, त्यात साबुदाण्याची पेज घालून रस निवळायची रीत तर इतकी साधी की आईने करावी. मी ट्रेनिंग घेतलं, सर्टिफिकेट घेतलं, फोटो काढला, घरी आलो, शंभर बाटल्या केल्या. चाळीस फुटल्या. म्हणजे अक्षरशः, आंबून बूच उडून फुटल्या, त्यातली एक व्याह्यांच्या घरी, भिंतीवर अजून डाग आहे. सर्टिफिकेट होतं पण पाश्चरायझर, म्हणजे रस ठरावीक तापमानाला तापवून टिकाऊ करणारं यंत्र, नव्हतं, पातेलं होतं.

तर कोणीतरी सांगितलं स्टार्टअपसाठी सरकार मदत करतंय, तिकडे जा. गेलो. कुठे ते सांगत नाही, एसी छान होता. समोरचा मुलगा अगदी सभ्य, मला काका म्हणाला, पाणी दिलं आणि म्हणाला, "काका, पिच डेक आहे?" म्हणजे धंदा समजावणाऱ्या स्लाइड्स. मी म्हटलं बाटली आहे. त्याने चव घेतली, आवडली, खरंच आवडली. मग लॅपटॉपकडे बघून विचारलं, "पण यात नवीन काय?" मी मोठ्या अभिमानाने सांगितलं की ही पद्धत संशोधकांनी तपासलेली आहे, छापील आहे. तिथेच माझा घात झाला. तो म्हणाला, "म्हणजे इनोव्हेशन तुमचं नाही."

आता बघा हां. संशोधन दुसऱ्याचं आहे म्हणून मला पैसे नाहीत. ज्यांचं आहे त्यांनी पेपर छापला, त्यांचं काम तिथे संपलं, त्यांचं प्रमोशन पेपरवर होतं, माझ्या बाटलीवर नाही. बँकेत गेलो तर बँक म्हणते तारण काय. पीएमएफएमई या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत ३५ टक्के अनुदान आहे, दहा लाखांपर्यंत, चांगली योजना आहे, मी नावं ठेवणार नाही, पण ती कर्जाला जोडलेली आहे, आणि कर्ज द्यायला बँकेला दिसायला पाहिजे की माझ्या बाटल्या फुटत नाहीत, आणि त्या फुटू नयेत म्हणून मशीन पाहिजे, आणि मशीनसाठी कर्ज. म्हणजे कुत्रं स्वतःच्या शेपटीमागे फिरतं तसं, फक्त कुत्र्याला प्रोजेक्ट रिपोर्ट द्यावा लागत नाही. (हशा)

घंटा वाजली का? पहिली ना? पहिलीच आहे.

बरं मग पटापट. मुद्दा हा की कोकणात हे आधी जमलेलं आहे. १९९० साली रोजगार हमीला जोडून फळबाग योजना आली, शंभर टक्के अनुदान. वेंगुर्ल्याच्या केंद्राकडे काजूच्या जाती तयार होत्या, वेंगुर्ला ४ त्यातलीच, वेंगुर्ला ७ मागाहून १९९७ ला आली, ही नावं आज लहान पोराला पाठ आहेत. कलम बांधायची पद्धत तयार होती. पण डोंगरावर काजू गेला कसा? मधे नर्सरीवाला उभा राहिला म्हणून. त्याला कोणी विचारलं नाही की बाबा कलमाचा शोध तुझा का. त्याच्या कलमाला गिऱ्हाईक सरकारच्या अनुदानामुळे मिळालं, जात विद्यापीठाची होती, धंदा त्याचा झाला. तिघांनी आपापलं काम केलं. याला तेव्हा इकोसिस्टिम म्हणत नव्हते एवढंच.

तर विद्यापीठ आणि सरकारने काय करावं, हा विषय होता ना, तर माझ्या मते पैसा शोधावर आहेच, दुकानावरही आहे, मधल्या दोन सीझनवर नाही. ते दोन सीझन, बाटल्या फुटण्याचे, ते कोणीतरी अंगावर घ्यायला पाहिजेत. पुण्यात एनसीएलच्या, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या, आवारात २००७ पासून व्हेंचर सेंटर आहे, छोट्या कंपनीला जागा मिळते, लाखोंची उपकरणं फी भरून वापरता येतात. तसं मला बोंडूच्या सीझनमध्ये मार्च ते मे एक पाश्चरायझर दिवसाच्या भाड्याने द्या, तालुक्याला एक, फुकट नको. त्याच्याबरोबर चूक झाली तर सांगणारा माणूस द्या, सर्टिफिकेट आहे माझ्याकडे.

दुसरं, २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात इनोव्हेशन-इन्क्युबेशनसाठी संचालकाचं पद आहे, तो कायदा कृषी विद्यापीठांचा नाही हे मला माहितीये, पण कुठल्याही विद्यापीठात त्या खुर्चीवरच्या माणसाला पेटंट किती आणि एमओयू, म्हणजे सामंजस्य करार, किती हे विचारू नका, एमओयूचे फोटो आम्ही पेपरात बघतोच. विचारा की तुमच्या किती गोष्टी गावातला फॅब्रिकेशनवाला बनवतो. आलो बघा झेल्याकडे. यंत्राचं ड्रॉइंग मराठीत, मापासकट, खुलं ठेवा. आणि शास्त्रज्ञाच्या प्रमोशनमध्ये या गोष्टीला पेपरएवढे मार्क द्या, नाहीतर तो बिचारा पेपरच लिहिणार, मीही लिहिला असता.

आणि कल्टारबद्दल, म्हणजे आंब्याला मोहोर यावा म्हणून मुळाशी देतात त्या औषधाबद्दल, बोलायचं होतं, ते फार महत्त्वाचं होतं, कारण तिथे उलटा धोका आहे. दापोलीची शिफारस झाडाच्या विस्ताराच्या मीटरला ३ मिली, पण कराराने बाग घेतलेला माणूस हात सैल सोडतो, त्याला झाड पुढच्या वर्षी कुठे बघायचंय. म्हणजे वस्तू बाजारात गेली की विद्यापीठाचं काम संपत नाही, उलट... हो हो, दुसरी घंटा ऐकली. कल्टार पुढच्या वर्षी, बोलावलंत तर.

मागच्या टेबलावर सरबत ठेवलंय, सगळ्यांनी घ्या. या वर्षीचं आहे, फुटत नाही. तरी बूच तोंडापासून लांब धरून उघडा, आणि रिकाम्या बाटल्या तिथेच ठेवा, मला परत न्यायच्यात.