टॉलेमीच्या डोक्यावरचा मुकुट

नमस्कार, श्रोतेहो. आज दोन टॉलेमींविषयी बोलू, पण सुरुवात एका चित्रापासून.

व्हॅटिकनच्या राजवाड्यात राफाएलनं १५०९ ते १५११ या काळात रंगवलेलं एक भित्तिचित्र आहे. त्यात ग्रीक विद्वानांचा मेळावा भरलाय. मध्यभागी प्लेटो आणि ॲरिस्टॉटल. चित्र बघताना मात्र मधल्यांवर नजर खिळवून बसू नये, कडेची माणसं निवांत बघावीत, असं माझं ठाम मत आहे. तर उजवीकडे खाली या. युक्लिड वाकून पाटीवर कंपास फिरवतोय. त्याच्या मागे एक जण आपल्याकडे पाठ करून उभा आहे. हातात पृथ्वीचा गोल आणि डोक्यावर चक्क मुकुट! हा टॉलेमी. ग्रहगणिताचा आणि भूगोलाचा थोर पंडित. आयुष्यात कधी गादीवर बसला नाही, तरी राफाएलनं त्याला राजा करून टाकलं.

चूक एकट्या राफाएलची नाही, मध्ययुगापासून चालत आलेली आहे. नाव एक आणि शहरही एकच, इजिप्तमधलं अलेक्झांड्रिया. तिथे अलेक्झांडरचा सेनापती टॉलेमी इ.स.पू. ३०५ मध्ये राजा झाला आणि त्याच्या वंशातला प्रत्येक राजा टॉलेमीच म्हणवला. या वंशातली शेवटची राणी क्लिओपात्रा इ.स.पू. ३० मध्ये वारली, घराणं संपलं. पंडित क्लॉडियस टॉलेमी यानंतर दीडशे वर्षांनी आला. 'अल्माजेस्ट' या ग्रंथात त्यानं स्वतःचे आकाशवेध नोंदवलेत, इ.स. १२७ ते १४१ मधले. आणि ते कुणाच्या राज्यवर्षांत, म्हणजे कोण गादीवर आल्यापासून वर्षं मोजून? हेड्रियन आणि अँटोनायनस या रोमन सम्राटांच्या! स्वतः राजा असता, तर स्वतःचंच राज्यवर्ष लिहिलं असतं ना?

लक्षात ठेवा: राजे इसवी सनापूर्वीचे, पंडित इसवी सनानंतरचा. नावामागे 'क्लॉडियस' असेल तर पंडित. 'सोटर', 'फिलाडेल्फस', 'युएर्गेटीस' अशी बिरुदं असतील तर राजा. पहिला, दुसरा हे आकडे आधुनिक इतिहासकारांनी घातलेत. शालेय पुस्तकांनी आकड्याबरोबर बिरुदही छापायला हवं, कारण त्या काळी राजे ओळखले जात ते बिरुदांवरून.

हे दोघे आपल्या इतिहासातही भेटतात. अशोकाच्या तेराव्या शिलालेखातला 'तुरमाय' म्हणजे राजा, टॉलेमी दुसरा फिलाडेल्फस. आणि आपल्या पैठणची 'बैठाण' अशी, राजधानी म्हणून नोंद करणारा, तो पंडित क्लॉडियस टॉलेमी.