राजानं पदक दिलं, महापौरानं हातही दिला नाही

नमस्कार मंडळी. साल १९४८. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातलं ऑल्बनी गाव. गावची मुलगी ऑलिंपिकचं सुवर्णपदक घेऊन परत आलीय. अटलांटापासून इथपर्यंत, जवळपास २८० किलोमीटर, तिची मिरवणूक निघालीय, वाटेत गावोगावी लोक रस्त्यावर उभे. आता सभागृहात सत्कार. पण आत काळ्यांनी एका बाजूला बसायचं, गोऱ्यांनी दुसऱ्या. महापौर स्टेजवर आहेत. त्यांनी तिच्याशी हात मिळवला नाही. आणि कार्यक्रम संपल्यावर सत्कारमूर्तीलाच बाजूच्या दारानं बाहेर पडावं लागलं.

तिचं नाव अ‍ॅलिस कोचमन. ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारी जगातली पहिली कृष्णवर्णीय स्त्री.

लहानपणी गावातली मैदानं तिला बंद होती. मग कच्च्या रस्त्यावर अनवाणी पळायची, काठ्यांना दोरी बांधून उड्या मारायची. १९३९ पासून सलग १० वर्षं ती उंच उडीची राष्ट्रीय विजेती होती. म्हणजे १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिक झाली असती तर? ती दोन्ही युद्धानं गिळली. मला राहून राहून हीच हळहळ वाटते.

१९४८ च्या ऑलिंपिकसाठी लंडनला पोचली तेव्हा तिची पाठ दुखत होती. तरी १.६८ मीटर पहिल्याच प्रयत्नात पार. ब्रिटनच्या डोरोथी टायलरनंही तीच उंची गाठली, पण दुसऱ्या प्रयत्नात. त्या वर्षी अमेरिकेच्या बायकांना अ‍ॅथलेटिक्समध्ये मिळालेलं हे एकमेव सुवर्ण. पदक दिलं ते इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज यांनी. अ‍ॅलिस पुढे सांगायची, की फलकावर आपलं नाव, त्यापुढे यूएसए आणि पहिला क्रमांक, हे वाचलं तेव्हा कळलं आपण जिंकलो. नाव आणि देश एकाच ओळीत! गावी परतल्यावर ती ओळ तुटली. काही गोऱ्या लोकांनी तिला भेटवस्तू पाठवल्या, त्याही निनावी. कौतुक केलं हे शेजाऱ्याला कळू नये म्हणून.

आता प्रश्न पडेल, की अमेरिकेच्या संघात कृष्णवर्णीय मुली एवढ्या पुढे कशा? तेव्हा गोऱ्या मध्यमवर्गात पळणं-उड्या मारणं बाईला शोभत नाही असं मानायचे. त्यांच्या बऱ्याच कॉलेजांनी मुलींच्या शर्यतींकडे पाठच फिरवली. ती जागा कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांनी भरली. आधी अलाबामातलं टस्कीगी, जिथे अ‍ॅलिस घडली, आणि मग नॅशव्हिलचं टेनेसी स्टेट. तिथे एड टेम्पल नावाचे प्रशिक्षक होते. मुलींना खेळाची शिष्यवृत्ती नाही, रोज दोन तास कॉलेजात काम करायचं, त्यातून शिक्षणाचा खर्च भागवायचा आणि मग सरावाला जायचं.

आणि याच मुलींची देशाला अचानक गरज पडली. १९५८ मध्ये मॉस्कोत अमेरिका आणि सोव्हिएत संघाचा अ‍ॅथलेटिक्समधला पहिला थेट सामना झाला. पुरुषांत अमेरिका १२६, सोव्हिएत १०९. बायकांत सोव्हिएत ६३, अमेरिका ४४. बेरीज करा: १७२ विरुद्ध १७०. सोव्हिएत म्हणाले, आम्ही जिंकलो. अमेरिकेचं म्हणणं, पुरुष वेगळे, बायका वेगळ्या, बेरीज करायचीच नाही! शीतयुद्धात दोन गुणांचं केवढं मोल होतं बघा. ज्या खेळाकडे घरात कुणी ढुंकून बघत नव्हतं, तो आता देशाच्या अब्रूचा प्रश्न झाला.

दोनच वर्षांनी, रोम १९६०. टेम्पल सरांची विल्मा रूडॉल्फ. टेनेसी राज्यातल्या क्लार्क्सव्हिल गावची, २२ भावंडांतली २०वी, लहानपणी पोलिओ, पायाला आधाराची पट्टी. तिनं १०० मीटर, २०० मीटर आणि रिले अशी तीन सुवर्णपदकं जिंकली. रिलेतल्या चौघीही टेनेसी स्टेटच्या. एका कॉलेजच्या चार पोरी, आणि जर्सीवर अख्खी अमेरिका.

गावात सत्काराची तयारी सुरू झाली. राज्याचे गव्हर्नर होते बफर्ड एलिंग्टन, वर्णभेदाची बाजू घेऊन निवडून आलेले. काळ्यांचा सोहळा वेगळा, गोऱ्यांचा वेगळा, अशीच तिथली रीत होती. विल्मानं निरोप धाडला: सगळे एकत्र बसणार असतील तरच मी येईन. तेव्हा ती फक्त २० वर्षांची होती. गावाला ऐकावं लागलं. मिरवणूक आणि मेजवानी, क्लार्क्सव्हिलमध्ये काळे-गोरे एकत्र आलेले हे पहिले सार्वजनिक कार्यक्रम. अ‍ॅलिसला जे दार दाखवलं गेलं, ते १२ वर्षांनी विल्मानं स्वतःसाठी नाकारलं.

पण मेजवानी एका रात्रीची होती. दुसऱ्या दिवशी गावातली हॉटेलं होती तशीच.

१९६३ च्या एप्रिलमध्ये सरकारनं विल्माला सेनेगलमध्ये डकारला पाठवलं, मैत्री क्रीडास्पर्धेसाठी, अमेरिकेची प्रतिनिधी म्हणून. आफ्रिकेतल्या नव्या स्वतंत्र देशांना अमेरिकेचा चेहरा दाखवायला. ती परत आली, आणि मे महिन्यात आपल्याच गावातल्या एका हॉटेलच्या दारात इतर आंदोलकांबरोबर उभी राहिली. आत घ्या म्हणून. त्यांना आत घेतलं नाही.